तळघरातून : तीन टिंबं



गेल्या अंकात 'तळघरातून' नव्हतं, म्हणून चार जणांनी फोन करून चौकशी केली आणि एकांनी आभार मानले. सर्वांना एकच उत्तर : आम्ही दोघं त्या महिन्यात शाळेत जात होतो. थट्टा नव्हे. आपल्या गावच्या पब्लिक लायब्ररीत दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ, चार आठवडे, फुकट. विषय : कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करणं आणि पत्रकं तयार करणं. वर्गात आम्ही, चर्चच्या केक-विक्रीची जाहिरात करायला आलेल्या दोन बायका, एक निवृत्त फायरमन आणि हायस्कुलातला एक मुलगा. शिकवणारी मुलगी आमच्या धाकट्याहूनही लहान. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "यापूर्वी काय काय केलं आहे?" आम्ही म्हटलं, "कात्री आणि गोंद." ती हसली. तिला वाटलं, आम्ही विनोद केला.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आपला अंक खरोखरच कात्रीने कापून आणि गोंदाने चिकटवून निघायचा. शीर्षकं हाताने, बोरूसारख्या तिरक्या टोकाच्या पेनाने. मग कुणाच्या तरी ऑफिसातल्या झेरॉक्सवर, शनिवारी, साहेब नसताना. पुढे मंडळाला एक हुशार तरुण मिळाला. गणपतीचं पत्रक, दिवाळीचं निमंत्रण, संक्रांतीचं कार्ड, सगळं तो एका रात्रीत करून द्यायचा. आम्ही त्याला जेवायला बोलावत होतो, पण त्याच्याकडून काही शिकून घेत नव्हतो. गेल्या वर्षी त्याची टेक्ससला बदली झाली आणि कार्यकारिणीच्या बैठकीत सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. कारण काय, तर आमच्याकडे तळघर आहे आणि मुलं कॉलेजात गेली आहेत.

आमचं पहिलं स्वतंत्र पत्रक तुमच्यातल्या बहुतेकांनी जपून ठेवलं आहे, असं ऐकतो. त्यात 'हार्दिक निमंत्रण' ऐवजी 'हार्दकि नमिंत्रण' छापलं होतं. ते आमचं शुद्धलेखन नव्हतं हो! टाईप बरोबर केलं होतं. पण देवनागरीत पहिली वेलांटी आपण म्हणतो अक्षरानंतर आणि लिहितो अक्षराच्या आधी. हे कॉम्प्युटरला कुणीतरी समजावून द्यावं लागतं. काही प्रोग्रॅममध्ये त्यासाठी दक्षिण आशियाई लिप्यांचं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि वेलांटी जिथे टाईप झाली तिथेच बसून राहिली. आता पत्रक छापण्यापूर्वी आम्ही 'शक्ती', 'निर्मिती' आणि 'ज्ञानेश्वर' हे तीन शब्द टाकून बघतो. ते नीट उमटले तर पुढे जायचं.

फॉन्टबद्दलही एक सांगून टाकतो. 'ल' आणि 'श' ही अक्षरं मराठीत आणि हिंदीत वेगळी काढतात, हे आमच्या पिढीच्या बालभारतीत होतं. पण पुष्कळ फॉन्ट मुळात हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात. काहींत भाषा 'मराठी' निवडली की आपला ल, आपला श हजर होतो. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवला, हे आम्हाला एवढी वर्षं तो वापरूनही ठाऊक नव्हतं. मुंबईच्या 'एक टाईप' या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट मिळतात आणि झेरॉक्सवर चांगले टिकतात. एका पानावर दोनपेक्षा जास्त फॉन्ट वापरायचे नाहीत, असं बाईंनी सांगितलं. (बाई म्हणजे लायब्ररीतली ती मुलगी. शिकवते ती बाई.) आमच्या त्या पत्रकावर सात होते आणि रंग नऊ.

मांडणीचं तिने जे काही सांगितलं, ते आम्ही एकमेकांना आपल्या भाषेत असं समजावलं : केळीच्या पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मध्ये भात आणि बाकी पान मोकळं. पाहुण्याला शोधावं लागत नाही. आमचं पत्रक म्हणजे त्याच पानावर सगळं एकत्र कालवून ठेवलेलं होतं. एवढं कळल्यावर मांडणीचा धडा आमच्यापुरता संपला. खरी मजा आणि खरी धास्ती फोटोत होती.

त्याला कारण माई.

माईंना सगळे ओळखतात. आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. हळदीकुंकवाला येतात, पण हल्ली माणसं आवाजावरून ओळखतात. त्यांच्याकडे त्यांच्या आईवडिलांचा एक फोटो आहे. सांगलीतल्या स्टुडिओत काढलेला, १९४६ च्या सुमाराचा, पोस्टकार्डाएवढा. आई खुर्चीवर, वडील उभे, मागे पडद्यावर रंगवलेला जिना. माई सहा वर्षांच्या असताना आई गेली. आईचा दुसरा फोटो नाही. हा फोटो माईंच्या भावाच्या घरी सांगलीला भिंतीवर होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला तो महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढलं आणि घरात दोन दिवस पाणी राहिलं. फ्रेम सापडली ती गाळात. भाच्याने ती धुऊन, वाळवून, साडीत गुंडाळून इकडे आणली. पाण्याचा तपकिरी पट्टा दोघांच्याही चेहऱ्यांवरून गेलेला, वर बुरशीचे ठिपके आणि डावा कोपरा पार नाहीसा झालेला.

माई एवढंच म्हणाल्या, "मोठा करून द्याल का? मला आता एवढ्यात आई दिसत नाही."

पहिली गोष्ट : फोटो काचेला चिकटला होता. आमच्यातला एक जण (जो घरातल्या सर्व वस्तू स्क्रू-ड्रायव्हरने उघडतो तो) लगेच कड सोडवायला निघाला होता. नशीब, दुसऱ्या व्यक्तीने आधी बाईंना विचारलं. चिकटलेला फोटो ओढला तर चित्राचा थर काचेवरच राहतो आणि हातात कोरा कागद येतो. मागची चौकट काढायची, काच तशीच ठेवायची आणि काचेतूनच स्कॅन करायचं. पण आमच्या घरच्या प्रिंटरवरच्या स्कॅनरने काचेतून सगळं धुरकट आलं. अशा सपाट, स्वस्त स्कॅनरना फक्त अगदी चिकटून ठेवलेला कागद स्पष्ट दिसतो, मध्ये जाड काच आली की नाही. लायब्ररीतला जुना जाडजूड स्कॅनर वेगळ्या जातीचा. त्याने काचेपलीकडचंही नीट वाचलं. तेव्हा जुना स्कॅनर कुणी टाकून देत असेल तर आम्हाला कळवा.

स्कॅन किती बारीक करायचा याचा हिशोब सोपा आहे, इंजिनियर मंडळींनी आम्हाला हसू नये. कागदावर फोटो चांगला दिसायला इंचाला ३०० ठिपके लागतात. माईंचा फोटो ४ बाय ६ इंच. त्याचा १२ बाय १८ करायचा, म्हणजे तिप्पट, म्हणजे स्कॅन निदान ९०० चा हवा. आम्ही १२०० चा घेतला. आणि स्कॅन रंगीत घेतला. फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीतच घ्यायचा. का ते आता येईल. भाच्याने आधी व्हॉट्सॅपवर पाठवलेला फोटो आम्ही उगाचच आठवडाभर ताणून बघत होतो. व्हॉट्सॅप फोटो दाबून बारीक करतं. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जेपेग फाईल पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर वेळी थोडं चित्र झिजतं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, हे आपल्या वाचकांना वेगळं समजवायला नको. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही.

काम आम्ही गिंप नावाच्या प्रोग्रॅमवर केलं. तो फुकट आहे. १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केला. फोटोशॉप १९९० साली बाजारात आला, तोही दोन भावांनी केलेला, त्यातला एक तेव्हा मिशिगनमध्ये पीएच. डी. करत होता. दोन्हीकडे विद्यार्थीच. आमच्या घरी पीएच. डी. झाली तेव्हा फक्त प्रबंध निघाला.

आता तो रंगीत स्कॅनचा मुद्दा. रंगीत चित्र म्हणजे लाल, हिरवं आणि निळं अशी तीन काळी-पांढरी चित्रं एकावर एक. ती सुटी करून बघता येतात. निळ्या चित्रात गाळाचा तपकिरी पट्टा काळाकुट्ट दिसला, हिरव्यात कमी आणि लाल चित्रात जवळजवळ दिसेनासाच झाला. आम्ही दोघंही खुर्चीतून उठलो. सहा वर्षं जो डाग होता, तो एका क्लिकमध्ये निघाला आणि खाली आईंचे डोळे दिसले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. चहा केला.

मग उजेडाची पट्टी. जुना फोटो विटतो म्हणजे त्यातला काळा करडा होतो आणि पांढराही करडा होतो. दोन्ही टोकं परत ताणून बसवायची. आम्ही पहिल्यांदा इतकी ताणली की वडिलांचा फेटा आणि मागची भिंत एकच झाली. थोडं मागे आलो.

आता उरले चेहऱ्यावरचे भाग. नाकापासून गालापर्यंतचा एक तुकडा पाण्याने खरवडला होता आणि सगळीकडे बारीक काळे ठिपके. इथे मोह झाला. फोनवर हल्ली अशी साधनं आहेत की फोटो द्यायचा, बटण दाबायचं आणि चेहरा नवा होऊन येतो. आम्ही दाबलं. वीस सेकंदांत आला. काय तो चेहरा! त्वचा नितळ, डोळ्यांत चमक, पापण्या मोजून घ्याव्या अशा. फक्त नथ नव्हती. तिच्या जागी ओठावर एक सावली होती. आणि बाईंचं वय पंचवीस ऐवजी पस्तीस. या यंत्राने लाखो चेहरे पाहिलेले आहेत, त्यावरून 'असा असेल' म्हणून एक चेहरा बसवून दिला. पण त्याने माईंची आई पाहिलेली नव्हती. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं, दाखवून तर बघू, त्यांना कुठे बारीक दिसतंय. दुसऱ्याने त्यावर काही न बोलता फाईल पुसून टाकली. आमच्यातला तो एक कोण, हे या सदरात येणार नाही.

मग हाताने. हे काम म्हणजे शालूला रफू. शेजारचा चांगला भाग उचलायचा आणि फाटक्यावर बसवायचा, धागा दिसता कामा नये. त्याची एक युक्ती बाईंनी पहिल्याच मंगळवारी सांगितली होती : दुरुस्ती मूळ चित्रावर करायची नाही. वर एक पारदर्शक थर ठेवायचा आणि सगळे ठिगळ त्या थरावर. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ट्रान्सपरन्सी एकावर एक ठेवून ज्यांनी लेक्चर दिली आहेत त्यांना कळेल. थराशेजारच्या डोळ्याच्या चित्रावर क्लिक केलं की थर गायब आणि खाली मूळ फोटो जसाच्या तसा. हे थर फोटोशॉपमध्येही पहिल्यापासून नव्हते, १९९४ साली आले. त्याआधीच्या लोकांची छाती काय असेल!

तीन आठवडे लागले. रोज जेवणानंतर तासभर. नथीचे चार मोती शाबूत होते, ते तसेच ठेवले. गेलेला कोपरा भरला नाही, कारण तिथे काय होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. ठिपके मात्र एकूण एक वेचले. तांदूळ निवडताना खडे काढावेत तसे, कपाळावरचे, गालावरचे, हनुवटीवरचे. चेहरा स्वच्छ झाला. आम्ही प्रिंट काढली, १२ बाय १८, मॅट कागदावर, आणि रविवारी माईंकडे गेलो.

माईंनी प्रिंट खिडकीपाशी नेली. त्यांचं भिंग घेतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं, गहिवरल्या. मग बोट हनुवटीपाशी आणून म्हणाल्या, "इथली टिंबं कुठे गेली?"

आम्ही म्हटलं, "माई, ती बुरशी होती. काढून टाकली."

"बुरशी कसली. गोंदलेलं होतं आईला. तीन टिंबं. रात्री मी त्यावर बोट ठेवून झोपायची." आणि मग हळूच, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून, "बाकी छान झालाय हो."

परतीच्या रस्त्यावर गाडीत कुणी बोललं नाही. आजीच्या हनुवटीवर, मावशीच्या कपाळावर, दारी येणाऱ्या भाजीवालीच्या हातावर जे आम्ही जन्मापासून पाहिलेलं, ते ओहायोत तळघरात बसून आम्हाला डाग म्हणून दिसलं. शिकवणाऱ्या मुलीला गोंदण माहीत नसणार. आम्हाला माहीत होतं.

घरी आल्यावर कोट न काढताच खाली गेलो. ठिगळांच्या थराचा डोळा बंद केला. मूळ चित्र आलं आणि हनुवटीवर तीन टिंबं होती. दोन वर, एक खाली. एकसारखी, एकाच अंतरावर. बुरशी अशी ओळीत बसत नाही. तीन आठवडे आम्ही इतकं जवळून बघत होतो की चेहरा दिसलाच नव्हता.

पण मग प्रश्न आला, बाकीच्या ठिपक्यांतलं काय काय गोंदण? हे आमच्याने ठरणं शक्य नव्हतं. पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन माईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो, मोठ्या टीव्हीला जोडला आणि एकेक ठिपका त्यांना विचारला. भुवयांच्या मध्ये एक होता, तो कुंकवाखालचं गोंदण म्हणून राहिला. गालावरचा काढला. उजव्या मनगटावर आम्ही जी सावली समजलो होतो, त्यावर माई म्हणाल्या, "ती तुळस असेल. आईच्या हातावर तुळशीवृंदावन होतं." मोठं करून पाहिलं तर खरंच कट्टा आणि वर फांद्या. कानाजवळच्या एका ठिपक्याचं त्यांना आठवेना. "राहू दे," म्हणाल्या. राहू दिला. मध्येच त्या आईबद्दल बोलत राहिल्या : गोंदणारी बाई यात्रेत बसायची, सुई बाभळीच्या काट्याएवढी वाटायची, आई रडली नाही पण मावशी ओरडली. हे त्यांना आईनेच सांगितलेलं. त्यांची सून चहा करता करता थांबून ऐकत होती. म्हणाली, "आई, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत." माई म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही गं."

दुसरी प्रिंट त्यांच्या पलंगासमोर लावली आहे. डावा कोपरा कोराच आहे.

या अंकातही तो फोटो द्यायचा विचार होता, माईंची परवानगी घेऊन. पण झेरॉक्सवर मधले करडे सगळे काळे होतात. आपल्या सहलीच्या फोटोत सर्वांना दाढ्या आल्या होत्या ते आठवा. त्यावर आता उपाय सापडला आहे : फोटो आधी काळा-पांढरा करायचा, मधला उजेड बराच वाढवायचा आणि मग वर्तमानपत्रासारखे जाड ठिपके पाडायचे. पडद्यावर तो फिका आणि खराब दिसतो, मशीनमधून मात्र माणसं माणसांसारखी निघतात. एप्रिलच्या अंकात सहलीचे फोटो त्या पद्धतीने पुन्हा देऊ. पण माईंच्या आईचा देणार नाही. झेरॉक्सवर तीन टिंबं आणि मशीनच्या काचेवरची धूळ यात फरक राहणार नाही.

तर सूचना. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोन ते पाच आमचं तळघर उघडं आहे. घरातले जुने फोटो घेऊन या. काचेला चिकटले असतील तर काचेसकट आणा, सोडवू नका. ज्यांना फोटोतली माणसं ओळखता येतात अशा आई, सासूबाई, आत्या, काका यांनाही बरोबर आणा. जिना उतरायला मदत करू, वरच्या खोलीतही बसता येईल. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आपापला लॅपटॉप आणावा, गिंप आधीच उतरवून ठेवावा. उंदीर, म्हणजे माऊस, जरूर आणा, बोटाने पॅडवर रफू होत नाही. चहा आमच्याकडे. फरसाण आणणाऱ्यांना स्कॅनरवर पहिला नंबर, फक्त फरसाणाचे हात काचेला लावू नका.